मोर्णाकाठची निळी रेषा

अमरावतीहून अकोल्याला एका कार्यक्रमानिमित्त गेलो होतो. रात्री मुक्काम झाला आणि सकाळी सहाला आम्ही फिरायला बाहेर पडलो. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे. चळवळीतल्या आमच्या पिढीतल्या बहुतेकांना आता हेच सांगण्यात आले आहे. मोर्चे कमी झाले, चालणे कमी झाले, साखर वाढली. तेव्हा आता मोर्चाऐवजी मोर्णा, असे मनाशी म्हणत दगडी पुलाकडे वळलो.

पुलावरून असदगडाचे बुरूज दिसतात. औरंगजेबाच्या काळात असदखानाच्या नावाने हा कोट उभा राहिला, वेशीवरच्या शिलालेखात इ. स. १६९७ च्या सुमाराची नोंद आहे. खाली मोर्णा वाहते. वाहते म्हणायचे इतकेच. ही नदी पातूरच्या डोंगराकडून येते, जिथे प्राचीन काळी कोणी खडकात लेणी कोरली. पातूरला तिच्यावर धरण आहे. अकोल्यात येईपर्यंत तिच्यात पाणी कमी आणि शहराचे सांडपाणी जास्त, आणि त्यावर जलकुंभीचा हिरवागार गालिचा. लांबून पाहणाऱ्याला वाटावे की इथे आधीच बगिचा केलेला आहे.

काठावरच्या वस्तीत एका सार्वजनिक नळापाशी एक आजी हंडा ठेवून बसली होती. आम्ही नदीकडे पाहतो आहोत हे तिने पाहिले.

"काय पायता जी?"

"नदी पाहतो आजी. फिरायला आलो."

"फिराले? अथी?" आजी हसली. मग म्हणाली, "अथी गार्डन होनार हाये म्हनतात. लोकं फिराले येतीन म्हनतात. आमी काई फिराले येत नाई बापू, आमी रायतोच अथी."

तिचा नवरा मिलमध्ये होता आणि ती स्वतः जिनात, रेच्यावर. भोंगा वाजला की उठायचे, एवढीच तिच्या काळातली वेळ. नळाला पाणी आले आणि बोलणे संपले. पण तिचे ते वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. फिरायला येणे आणि तिथेच राहणे, या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत नदीकाठच्या बगिचांचे सगळे राजकारण मावते, असे आम्हाला त्या सकाळी वाटले आणि अजून वाटते.

वाचकहो, फिरायला जाणे ही गोष्ट आमच्या घराण्यात नव्हती. आमची आजी दिवसाला चार-पाच कोस चालत असेल, पण ती कापूस वेचायला. तिला कोणी कधी 'हवा खायला' जाताना पाहिले नाही. नदीकाठ तर आणखी दूरची गोष्ट. गावोगावी पाणवठ्यांची मांडणी काय होती हे आपल्यापैकी जुन्यांना सांगायला नको. वरच्या अंगाला सवर्णांचे पाणी, त्याखाली धुण्याचे, मग गुराढोरांचे आणि सर्वांत शेवटी, जिथे सगळ्यांचे धुऊन-निथळून यायचे तिथे, आपले. नदीला दोन काठ असतात असे शाळेत शिकवतात. आपल्या बापजाद्यांसाठी नदीला वर आणि खाली एवढेच होते. नदीचा उतार आणि जातीचा उतार एकच.

म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचलले, ते तहान लागली म्हणून नव्हे. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला आमच्या अमरावतीत वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता, अध्यक्ष बाबासाहेब होते. ज्या अंबा नाल्याच्या दुर्गंधीने आज सगळी अमरावती नाक धरते, तो याच अंबेच्या अंगणाजवळून जातो. देवीजवळ जायला आपल्याला बंदी होती, नाल्याजवळ राहायला कधीच बंदी नव्हती! पुढे राज्यघटनेच्या कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांच्या वापराच्या जागा सर्वांना खुल्या झाल्या. सरकारी पैशाने बांधलेला नदीकाठचा बगिचा म्हणजे घाटही आला, रस्ताही आला आणि लोकांच्या वापराची जागाही आली. म्हणजे बगिचात फिरणे ही चैन नाही. महाडच्या लढ्याने मिळवून दिलेला तो हक्क आहे. बगिचाला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर आंबेडकरी माणसाला फुलेसुद्धा सहन होत नाहीत, असे म्हणायला काही मंडळी टपलेलीच असतात.

आता या काठाचा दुसरा इतिहास. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ मध्ये अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस आठवला. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे झाली, १८७० मध्ये खामगावला फाटा गेला. तिकडे काळा माणूस गुलामीतून सुटण्यासाठी लढत होता आणि त्या लढाईमुळे इकडे वऱ्हाडातले शेतमालक आणि सावकार गब्बर होत होते, हा योगायोग इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येऊन जातो. गब्बर न झालेल्यांच्या वाट्याला तीही ओळ येत नाही.

रेल्वेमागून जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, तेलाच्या गिरण्या आल्या, कापडमिली आल्या. अकोल्यात सावतराम मिल आणि मोहता मिल, अचलपुरात विदर्भ मिल, बडनेऱ्याला मिल. गावकीच्या कामातून सुटू पाहणारा आपला माणूस या भोंग्यांच्या दिशेने आला. पाटलाच्या दारात जोहार घालण्यापेक्षा रेच्याच्या धुळीत खोकणे त्याला बरे वाटले, यातच त्या गावाचे वर्णन आले. जिन हंगामी असायचे. बाया रेच्यावर कपाशी टाकायच्या, सरकी खाली पडायची, रुई पुढे जायची, आणि हवेत उडणारी बारीक रुई त्यांच्या छातीत जायची. पुरुष गठाणी वाहायचे. शहरातही जात सुटली नव्हतीच. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओला करून ओढावा लागतो, तेव्हा विटाळ होईल, असे कारण. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर टाकला आणि वर्गलढ्याची भाषा करणाऱ्यांची तोंडे बंद झाली. तोंडाने धागा ओढू न देणाऱ्यांची एकजूट कसली, हा तो प्रश्न.

१९७४ मध्ये देशभरातल्या १०३ आजारी मिली केंद्र सरकारने राष्ट्रीयीकृत केल्या. अकोल्याच्या दोन्ही मिली आणि अचलपूरची विदर्भ मिल त्यात होत्या. सरकार मालक झाले म्हणजे दिवस पालटले, असे त्या काळी वाटले होते. पुढे मिली बंद पडत गेल्या. सावतराम आणि मोहता ही नावे आता रिक्षावाल्याला पत्ता सांगताना कामाला येतात. अचलपुरात मुंबईच्या फिनले मिलचे नाव देऊन नवी मिल उभारली गेली. २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मिली थांबल्या त्यात तीही थांबली, आणि तिथल्या कामगारांना पुढची वर्षे आंदोलनातच घालवावी लागली. सपन नदीच्या काठी उद्या कोणी बगिचा करायचे ठरवले, तर फिरायला मोकळा वेळ असलेली माणसे अचलपुरात भरपूर सापडतील.

मिल गेली की तिच्या भोवतीची वस्ती जात नाही. ती तिथेच राहते, नवे काम शोधते. कोणी हमाली करतो, कोणी रिक्षा चालवतो, बाया धुणीभांडी करतात, आणि ज्यांना दुसरे काहीच मिळत नाही ते नाल्याच्या कडेला सरकत सरकत नदीच्या पात्रापर्यंत येतात. अशा काठावर बौद्ध असतो, मुसलमान असतो, मातंग असतो, भटका असतो. रस्त्याकडे पाठ आणि पुराकडे तोंड, अशी त्यांची घरे.

अशा नदीची २०१८ मध्ये अचानक देशभर चर्चा झाली. जिल्हाधिकारी आस्तिककुमार पांडेय यांच्या पुढाकाराने १३ जानेवारीला मोर्णा स्वच्छता मोहीम सुरू झाली. हजारो लोक नदीत उतरले, जलकुंभी काढली. दर शनिवारी श्रमदान करायचे ठरले. २८ जानेवारीला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये अकोल्याचे कौतुक केले. हे सगळे खोटे नव्हते. शिक्षक आले होते, विद्यार्थी आले होते, आमच्या ओळखीचे कार्यकर्तेही गुडघाभर चिखलात उभे होते. अधिकारी खुर्ची सोडून नदीत उतरला, ही गोष्ट वऱ्हाडात रोज घडत नाही. त्याचे श्रेय द्यायला आम्ही कचरणार नाही.

पण जलकुंभी पुन्हा आली. पुन्हा काढली, पुन्हा आली. येणारच होती, कारण ती सांडपाण्यावर जगते. शौचालयाचे, मोरीचे, साबणाचे पाणी नदीत येते, त्यातले नत्र आणि स्फुरद हे तिचे खत. खत चालू ठेवायचे आणि पीक उपटत बसायचे, याला वऱ्हाडातला शेतकरी शेती म्हणणार नाही. अकोला पाणी पिते काटेपूर्णेचे, महानच्या धरणातून, आणि घाण टाकते मोर्णेत. एक नदी वरची, एक नदी खालची! शहरालाही पाणवठ्याची जुनी सवय सुटत नाही. मोर्णा पुढे पूर्णेला मिळते. पूर्णेचा तो खारपाणपट्टा, जिथे विहिरीचे पाणी खारट आणि गोड पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वणवण. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातले ५३ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यात मोर्णा आहे, पूर्णा आहे आणि आमच्या अमरावतीची पेढीही आहे. अकोल्यात भूमिगत गटार योजना आणि शिलोड्याचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र हा त्यावरचा खरा उपाय. पण गटारासाठी कोणी शनिवारी फोटो काढायला येत नाही. गटार जमिनीखाली असते, फीत कापायला जागा नसते.

शनिवारचे म्हणाल तर आणखी एक सांगायचे आहे. शनिवारी नदीत उतरला त्याला श्रमदान म्हटले. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी जो याच शहराच्या नाल्यांत उतरतो, त्याच्या श्रमाला काय म्हणायचे? तो दान करत नाही, त्याच्या जातीकडून वसूल केले जाते. हाताने मैला काढण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला. गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख द्या, असे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, कारण माणसे मरायची थांबली नाहीत. बगिचाच्या फाटकावर देणगीदारांची नावे संगमरवरात लिहितात. नाला साफ करणाऱ्यांची नावे आम्ही अजून कुठल्या बगिचात वाचली नाहीत.

आता निळ्या रेषेकडे वळू. आपल्या लोकांना निळा म्हटला की झेंडा आठवतो, ऊर भरून येतो. पण पाटबंधारे खात्याच्याही दप्तरात एक निळी रेषा असते. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल इतक्या पुराचे पाणी जिथपर्यंत पोचते, तिथे निळी पूररेषा काढतात. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्या मधला पट्टा म्हणजे निषिद्ध क्षेत्र. तिथे घर बांधता येत नाही. काय करता येते? मोकळी मैदाने ठेवता येतात आणि बगिचा करता येतो! नियम चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. जुलै २०२१ मध्ये मोर्णेला पूर आला तेव्हा काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, धान्य गेले, मुलांची दप्तरे गेली. पुराच्या तोंडी माणसाने राहू नये, हे पुरात राहणाऱ्याला जास्त कळते. आमचे म्हणणे वेगळे आहे. ही रेषा झोपडीवरून जाते तेव्हा ती लोखंडाची असते आणि बिल्डरच्या प्लॉटवरून जाते तेव्हा रबराची होते. झोपडी 'अतिक्रमण' म्हणून उठते. काठावर भर टाकून उभ्या केलेल्या मंगल कार्यालयाकडे कोणाचे लक्ष जात नाही. आणि झोपडी उठली की जागा रिकामी राहू नये म्हणून तिथे बगिचा येतो.

अहमदाबादला हे मोठ्या प्रमाणावर घडून गेले आहे. तिथेही आधी मिली बंद पडल्या, हजारो दलित आणि मुसलमान कामगार रस्त्यावर आले, साबरमतीच्या काठच्या वस्त्या वाढल्या. मग रिव्हरफ्रंट आला, २०१२ मध्ये लोकांसाठी खुला झाला. काठावरची दहा हजारांहून अधिक कुटुंबे हलवली गेली. अनेकांना न्यायालयात धाव घेतल्यावर घर मिळाले, तेही कामापासून लांब. काहींना शहराच्या टोकाला, कचऱ्याच्या डेपोच्या परिसरात, उघड्यावर दिवस काढावे लागले. पर्यटकांना दाखवले जाते ते भरलेले पाणी मूळ साबरमतीचे नव्हे, नर्मदेच्या कालव्याचे. आता प्रत्येक नगरपालिकेला तसाच रिव्हरफ्रंट हवा आहे.

दुसरीकडे जर्मनीतल्या रूरचे उदाहरण घ्या. डुइसबुर्गचा लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद झाला. लोकांनी तो पाडू दिला नाही. १९९४ मध्ये तिथे बगिचा खुला झाला, भट्ट्या जागेवर ठेवून. त्या भागातली एम्शर नदी म्हणजे उघडे गटारच होते. त्यांनी आधी ५१ किलोमीटर लांबीचे मोठे गटार जमिनीखालून नेले, आणि तीस वर्षांच्या कामानंतर २०२१ अखेर नदीत सांडपाणी यायचे थांबले. आमच्याकडे आधी कारंजे बसते. तिकडे सगळे आलबेल आहे असे समजण्याचे कारण नाही, तिथेही बेकारी आली. पण कारखाना होता आणि इथे माणसे राबली, एवढे तरी त्या बगिचात चालणाऱ्याला दिसते. मोर्णाकाठी चालणाऱ्याला काय दिसेल? आम्हाला तर जुन्या जिनातला एक रेचा आणि मिलचा भोंगा तिथे ठेवलेला पाहायला आवडेल. जिराफाच्या आकारात कापलेल्या झुडपापेक्षा तो बरा.

आपल्या माणसांनी नदीकाठी बगिचा केला की काय होते, तेही आपण पाहिले आहे. मायावतींनी लखनौला गोमतीनगरात आणि नोएडात यमुनेच्या बाजूला स्मारके उभारली, तेव्हा खर्चाचा हिशेब मांडायला सगळी वर्तमानपत्रे पुढे आली. २०१२ च्या निवडणुकीत दगडी हत्तीसुद्धा झाकले गेले. इतर कोणाच्या उद्यानाचा हिशेब इतक्या तत्परतेने कोणी मांडला नाही. तिथे दगड फार आणि सावली कमी आहे, हे आम्हीही मान्य करू. पण तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे लेकराबाळांना घेऊन निवांत बसलेली खेड्यापाड्यातली माणसे असतात, त्यांना कोणी 'चला उठा' म्हणत नाही. ही निवांत बसण्याची सोय आपल्याला फुकट मिळालेली नाही. मुंबईत चैत्यभूमीजवळची इंदू मिल, तीही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाचीच, साडेबारा एकर. ६ डिसेंबर २०११ ला भीमसैनिक आत शिरले, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी केंद्राने जागा देण्याची घोषणा केली. भूमिपूजन २०१५ मध्ये झाले. बंद मिलच्या जागेवर काय व्हावे हे सांगण्याचा अधिकार आपण मुंबईत दाखवला. अकोला, बडनेरा, अचलपुरात का दाखवला नाही?

परतताना पुन्हा त्याच नळापाशी आलो. पाणी गेले होते. आजी भरलेला हंडा उचलत होती. आम्ही हात लावला तर म्हणाली, "राहू द्या, सवय हाये." मग जाता जाता विचारले, "गार्डन झालं तं ह्यो नळ ठेवतीन का जी अथी?" आम्हाला उत्तर देता आले नाही. नकाशात तिचे घर निळ्या रेषेच्या आत आहे की बाहेर, हे तिला कोणी सांगितलेले नाही आणि आम्हालाही ठाऊक नव्हते.

दुपारी कार्यक्रमानंतर अकोल्याच्या मित्रांबरोबर बसलो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज तिथेच लिहून काढला. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे आणि तीन कागद मागायचे: मोर्णेच्या पूररेषेचा नकाशा, काठाच्या सुशोभीकरणाचे आतापर्यंत झालेले ठराव, आणि काठावरच्या कुटुंबांची यादी, असल्यास. यादी नसेल तर ती आपण करायची, घरोघर जाऊन, वीजबिल, रेशनकार्ड आणि मतदार यादीतल्या नावासह. सुरुवात त्या नळापासून करा, असे त्यांना सांगितले आणि संध्याकाळच्या गाडीने अमरावतीला निघालो.